एक काळी गच्ची

नळ बंद पडला की लोक नगरसेविकेच्या दारात येतात. दिवे गेले, गटार तुंबलं, कुत्रं चावलं, सुनेनं भांडी आपटली, तरी येतात. ते मी धरूनच चालते. पण वारा बंद पडला म्हणून जिच्या घरावर मोर्चा आला, अशी अख्ख्या महाराष्ट्रातली पहिली नगरसेविका मीच असेन.

मी हेमांगी धनराज भारंबे. तापीकाठच्या धामणखेड नगरपालिकेत आठ नंबर वॉर्डातून निवडून आलेली. आमचा वॉर्ड म्हणजे मधोमध एक चौक, भोवती दाटीवाटीची घरं, अरुंद गल्ल्या, केळीच्या वेफर्सच्या भट्ट्या आणि उन्हाळा. उन्हाळ्याचं नाव वेगळं घ्यावं लागतं, कारण मार्चपासून जूनपर्यंत इथे राज्य त्याचंच असतं. पूर्वी कूलरने भागायचं, मग भागेना म्हणून लोकांनी एसी घेतले. आणि एसीचं बिल आलं की घरातली बाई डाळ पातळ करायची आणि पोराचं दूध बंद करायची. निवडणुकीत मी एकच वचन दिलं, वीजबिल खाली आणीन.

आमच्या ह्यांचं, म्हणजे धनराजांचं, कूलर-एसी दुरुस्तीचं दुकान. माझं भाषण ऐकून घरी आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे लोकांची बिलं कमी करणार आणि आपली चूल विझवणार. छान. मत मात्र तुलाच देणार हं मी."

वचन दिलं खरं, पण ते पुरं कसं करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं डॉक्टर शाहीन तडवीला. विद्यापीठात हवामानावर संशोधन करणारी, मूळची यावलकडची पोरगी. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, स्कूटरला यंत्रं बांधून गावभर फिरायची. एका मे महिन्यात भर दुपारी ती मला आमच्याच गच्चीवर घेऊन गेली. तिथे तिने स्लॅबच्या एका कोपऱ्यावर पांढरा लेप दिला होता.

"ताई, चप्पल काढा."

"वेडी का खुळी तू? पाय भाजतील माझे."

"लेपावर ठेवा पाय."

ठेवला. व माय! बाजूच्या स्लॅबवर पापड भाजला गेला असता, आणि लेपावर पाय ठेवला तर माठाच्या अंगासारखा गार. मी खाली वाकून हात लावला, गालसुद्धा लावला. खालून काही पाणी सोडलंय का ते बघून आले. काही नव्हतं.

"आता सांग," मी म्हटलं, "जादू कुठेय?"

"जादू वर आहे," ती म्हणाली. "प्रत्येक गरम वस्तू आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांनी बाहेर टाकत असते. तवा टाकतो, भिंत टाकते, तुम्ही-आम्हीसुद्धा. ते किरण वर जातात, पण हवेतली वाफ आणि काही वायू त्यांना अडवतात आणि बरेचसे खाली परत धाडतात. फक्त एका ठराविक जातीच्या किरणांना हवा अडवत नाही. ती आभाळातली खिडकी समजा. तिच्यातून गेलेली उष्णता थेट अवकाशात जाते, आणि अवकाश इतकं थंड आहे की तिथे कितीही टाका, फरक पडत नाही. हा लेप ऊन जवळजवळ सगळं परतवतो आणि स्लॅबची उष्णता नेमकी त्या खिडकीच्या जातीच्या किरणांनी बाहेर टाकतो. वीज लागत नाही, पाणी लागत नाही. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून खिडकी सताड उघडी."

मी वर बघितलं. इतकी वर्षं त्या आभाळाला शिव्या घातल्या आणि त्यात खिडकी होती! मला तेव्हा खरोखर हसू आलं, आनंदाचं.

कंपनीने लेपाला 'नभोलेप' असं नाव दिलं होतं. आमच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी त्याचा 'गारचुना' झाला. सरकारची योजना होती, पण अट होती की वॉर्डातल्या सगळ्या गच्च्या झाल्या तरच वीजबिलात निम्मी सूट. एकही गच्ची सुटली तर काही नाही. कारण सगळ्या झाल्या तर नुसती घरंच नाही, गल्लीची हवासुद्धा गार होते, असं शाहीनचं गणित होतं.

मी घरोघरी फिरले. लोक तयार झाले, आणि त्यांनी काय केलं असेल? लेप वाळल्यावर प्रत्येकाने गच्चीवर पूजा केली. कुंकवाचं स्वस्तिक, हळद, वर नारळ फोडून पाणी. शाहीनने उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून बघितलं तर प्रत्येक गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात एक लाल ठिपका. तिला वाटलं, लेपाचा अख्खा साठाच खराब आला. कंपनीला फोन गेले, माणसं आली, तपासणी झाली. मग मी तिला वर नेऊन स्वस्तिक दाखवलं. ती गच्चीवर बसून हसली, आणि मला पुन्हा घरोघरी जाऊन सांगावं लागलं की बायांनो, कुंकू पुसा, देव रागावणार नाही.

अडली ती एकच गच्ची, आणि ती आमच्याच घरातली. माझ्या थोरल्या जाऊबाई, चारुशीलाताई, आमच्या शेजारच्या घरात राहतात. मधे एक सामाईक भिंत. भाऊजी गेल्यापासून त्यांचा पापडांचा धंदा, आणि त्यांची गच्ची चौकातली सगळ्यात मोठी. चैत्रात वॉर्डातल्या बाया तिथे जमायच्या. आज हिचे पापड, उद्या तिच्या कुरडया. मीही लाटायला बसायचे आणि लाटता लाटता मला सगळा वॉर्ड कळायचा. कोण आजारी, कुणाचा नवरा पितो, कुणाचं मीटर तोडलं. माझं निम्मं राजकारण त्या पोळपाटावर झालंय.

"लेपावर माणसाने चालायचं नाही, वाळवण घालायचं नाही," मी ताईंना सांगितलं. "लेप मळतो."

"मग माझे पापड काय तुझ्या भाषणावर वाळवू?"

"ताई, अख्ख्या वॉर्डाची सूट तुमच्यापाशी अडलीय."

ताई ऐकेनात. दोन उन्हाळे अडून बसल्या. शेवटी मी बायांना त्यांच्या दारात नेऊन उभं केलं, वीजबिलं हातात घेऊन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला ते बघणं अजून आठवतं. "लाव तुझा चुना," म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. पापड वाळवायला त्यांनी यंत्र आणलं.

सूट मिळाली. बिलं उतरली. लोकांनी माझा सत्कार केला, शाल, श्रीफळ, सगळं झालं. उन्हाळा इतका निवांत गेला की दुपारी लोक पांघरूण घेऊन झोपायचे. आमच्या ह्यांचं दुकान ओस पडलं, ते मात्र खरं.

मग दिवाळी झाली आणि लोक खोकायला लागले.

आधी मला वाटलं, थंडी. गारचुना काही ऋतू ओळखत नाही, हिवाळ्यातही तो घर गारच करणार. म्हणून लोकांनी शेकोट्या पेटवल्या, आंघोळीच्या पाण्याला बंब पेटवले. त्यात वेफर्सच्या भट्ट्यांचा तेलकट धूर. पण हे सगळं पूर्वीही होतंच. आता तो धूर जाईना. सकाळी गल्लीत निळसर थर असायचा आणि तो दुपारपर्यंत तिथेच. वाळत घातलेल्या कपड्यांना तळणीचा वास. म्हातारी माणसं धापा टाकायला लागली, चौकातल्या लहान लहान पोरांना वाफारे सुरू झाले. आणि एके दिवशी सकाळी नाकाला रुमाल बांधून मोर्चा माझ्या दारात. पुढे सरोदे अण्णा, माझे माजी प्रतिस्पर्धी, चौकाच्या मागच्या खोल्यांचे मालक.

"हेमांगीताई, वारा कुठे गेला आमचा?" अण्णा म्हणाले. "पूर्वी चौकात संध्याकाळी झुळूक यायची. तुम्ही चुना फासलात आणि ती गेली!"

मी काहीतरी थातुरमातुर बोलून त्यांना वाटेला लावलं आणि शाहीनला फोन केला. मनात म्हणत होते, बाई गं, हे खोटं असू दे.

ते खोटं नव्हतं. शाहीनने चौकात बिनविषारी पांढरा धूर सोडला. तो वर जाईचना. गल्लीतून सरपटत सरपटत उंबऱ्यांशी थांबला. आम्ही दोघी त्याच्या मागे मागे फिरलो. मला भीती वाटत होती आणि नवलही वाटत होतं, दोन्ही एकदम.

"ताई, चूक माझ्या गणितात राहिली," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "गरम हवा वर चढते. ती चढली की तिची जागा घ्यायला बाजूची हवा धावते. तोच वारा. पूर्वी गच्च्या तापायच्या, हवा वर चढायची, गल्लीतला धूर सोबत न्यायची. आता सगळ्या गच्च्या एकसारख्या गार. गार हवा जड. ती खालीच बसते. चारुताईंची मोठी गच्ची तापत होती तोवर थोडं चालू होतं. ती झाली आणि सगळं थांबलं."

"मग सगळा चुना खरवडायचा?"

"नाही. एकच गच्ची पुरेल, पण ती चौकालगत हवी. वीजबिलाची सूट जाऊ नये म्हणून तेवढ्या एका गच्चीची मुभा मी सरकारकडून मिळवते. ती काळी करायची आणि तिच्यावर पत्र्याचं उंच धुराडं बसवायचं. गच्ची तापेल, धुराड्यातली हवा वर पळेल आणि गल्ल्यांमधली हवा ओढून घेईल."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं? होईल की!"

"त्या गच्चीखाली राहणाऱ्यांचं काय?" ती म्हणाली. "धूर संध्याकाळी जास्त असतो. म्हणजे ऊन गेल्यावरही हवा ओढली गेली पाहिजे. त्यासाठी स्लॅबने उष्णता साठवून ठेवायला हवी, म्हणून खाली थर्माकोल वगैरे लावता येणार नाही. ते घर पूर्वीपेक्षाही जास्त तापेल. आणि चौकात रिकामी जागा नाही, सरकारी इमारत नाही. देवळाला सपाट गच्ची नाही. कुणाचं तरी राहतं घरच लागेल."

मला उत्तर सोपं वाटलं. मी तशीच चारुताईंच्या दारात गेले. किती महिन्यांनी त्या घरात पाऊल टाकलं! म्हटलं, आता त्यांची गच्ची त्यांना परत मिळेल, त्या हसतील, मला चहा देतील.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही."

"ताई, पण तुम्हालाच तर—"

"मला काय? मी जन्मभर त्या तव्याखाली राहिले. मला वाटायचं, उन्हाळा असाच असतो. तू गारवा दिलास. मी मागितला नव्हता, जबरदस्तीने दिलास. आता मी दुपारी झोपते, हेमांगी. माझं डोकं दुखत नाही. आणि आता येऊन म्हणतेस, परत तापा? मी काय तुझ्या वॉर्डाची भट्टी आहे?"

मी उठले. त्यांचं एकेक अक्षर खरं होतं.

वॉर्डसभा बोलावली. काळी गच्ची हवी, यावर एकमत. कुणाची, यावर प्रत्येकाचं बोट दुसऱ्याच्या घराकडे. एकाची सून बाळंत, एकाला रक्तदाब, एकाचा मुलगा बारावीला. ज्याने त्याने सांगितलेलं खोटं नव्हतं, ते आणखी अवघड. तास-दीड तास गोंगाट झाल्यावर सरोदे अण्णा उठले आणि म्हणाले, "मी देतो. माझ्या मागच्या खोल्या घ्या."

टाळ्या पडल्या. अण्णांचं राहतं घर पुढे, आणि मागे ओळीने भाड्याच्या खोल्या. त्यांत सातपुड्यातून केळीची कापणी करायला आलेली पावरा कुटुंबं राहतात. गारचुना त्यांच्याही डोक्यावर होता. सभेत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं, कारण त्यांची नावं आमच्या मतदार यादीत नाहीत.

"भाडेकरूंना विचारलंत?" मी म्हटलं.

"त्यांना काय विचारायचं? दिवसभर बागेतच असतात. उन्हाची सवय आहे त्यांना." अण्णा हात वर करून म्हणाले, "मंजूर?"

सगळे हात वर गेले. खरं सांगते, माझ्या छातीवरचा दगड उतरला. निवडणूक वर्षा-दीड वर्षावर आलेली. कुणी नाराज नाही, अण्णासुद्धा माझ्या बाजूला. ठरावावर माझी सही तेवढी राहिली होती.

पण माझी एक पद्धत आहे. ज्याच्या दारात काही करायचं, त्याला मी स्वतः जाऊन सांगते. कागदाने नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्या खोल्यांवर गेले. रोशनी पावरा नावाची बाई दारात बसून पोराला न्हाऊ घालत होती. पोर एवढंसं, साबणाने डोळे मिटून घेतलेलं. मी तिला सगळं समजावलं. काळा रंग, धुराडं, तापणं. किती तापेल तेही.

तिने पोराच्या अंगावर तांब्या ओतला. मग म्हणाली, "बरं ताई. मग हे पोर दुपारी कुणाकडे ठेवू?"

बस, एवढंच. भांडली नाही, का म्हणून विचारलं नाही, माझं घरच का, असंही नाही. जसं काही ऊन-पाऊस कळवायला आले होते मी. तिने ते पोर टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्याकडे उत्तरासाठी बघत राहिली. मला लाज वाटली. काल सभेत माझी सून, माझा मुलगा, माझा रक्तदाब म्हणत सगळे भांडले होते, आणि भांडता येतं हेसुद्धा या बाईला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठे ठेवू नकोस," मी म्हटलं. "घरातच ठेव. तुझी गच्ची काळी होणार नाही."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, काळी गच्ची आपली. धनराज जेवत होते. त्यांनी घास ताटात ठेवला.

"आधी माझा धंदा बसवलास. आता मला भाजून काढणार?"

"दुसरं घर सांगा. मी आत्ता जाते."

"अण्णाच्या खोल्या आहेत ना! सभेने ठरवलंय ना!"

"तिथे एक पोर आहे, धनराज. एवढंसं." मी रडायला लागले. मला रडताना बघितलं की ह्यांची नेहमी चिडचिड होते. ते उठले, हात धुतले आणि तरातरा दुकानात निघून गेले. संध्याकाळी आले ते मोजपट्टी घेऊन. "धुराडं कुणाकडून करून घेणार आहात तुम्ही? तुमची ती शाहीन पत्रा कापणार का?" म्हणाले. रिकाम्या दुकानात त्यांचे हात शिवशिवत होतेच.

सभेत मी आणखी एक ठराव आणला. म्हटलं, मी आज नगरसेविका आहे म्हणून गच्ची माझी. उद्या जो निवडून येईल त्याची. वॉर्डाचा मान ज्याच्या डोक्यावर, काळी गच्चीही त्याच्याच डोक्यावर. कुणी उभंच राहिलं नाही, तर मग सभेचा आधीचा निर्णय लागू, अण्णांच्या खोल्या, ही अट मात्र सभेने घालायला लावली. लोकांनी बाकं बडवली. टाळ्यांच्या भरात अण्णांनी स्वतः अनुमोदन दिलं, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तोवर लिहून झालं होतं.

धुराडं उभं राहिलं त्या दिवशी अख्खा वॉर्ड चौकात. शाहीनने गल्लीगल्लीत दोऱ्यांना कागदाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. ऊन चढलं. पट्ट्या लोंबतच होत्या. मी श्वास धरून उभी. मग वेफर्सवाल्यांच्या गल्लीतली एक पट्टी हलली. मग दुसरी. मग ओळीने सगळ्या पट्ट्या आमच्या घराकडे वळल्या. भट्टीवरचा धूर गल्ली सोडून निघाला, आमच्या जिन्यातून वर गेला आणि धुराड्याच्या तोंडातून आभाळात. पोरं ओरडली. धनराज कमरेवर हात ठेवून वर बघत होते. त्यांचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

आणि मग आला उन्हाळा. काय सांगू? आमच्या घरात तूप थिजणं विसरलं. नळाचं पाणी आंघोळीला विसणावं लागायचं. संध्याकाळी बाहेर छान झुळूक असायची आणि आमच्या भिंती घरात गरम श्वास टाकायच्या. धनराज दुकानात झोपायला गेले. मी मात्र घरातच राहिले. नगरसेविका दुसरीकडे झोपते असं कळलं असतं तर तो ठराव एका दिवसात मेला असता.

सामाईक भिंत तापायची, त्यामुळे चारुताईंच्या स्वयंपाकघरालाही झळ लागायची. त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या. माझ्याशी नाही, भांड्यांशी. मग एके दिवशी दारात ताकाचा तांब्या दिसला. कुणी ठेवला ते मी विचारलं नाही, तांब्या तेवढा धुऊन परत ठेवला. रोज यायला लागला.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी एका दुपारी ओट्याशी उभ्या उभ्या कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा चारुताईंच्या घरात, गार फरशीवर, डोक्यावर ओला पंचा. त्या शेजारी बसल्या होत्या.

"मरशील एक दिवस," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांनंतरचे पहिले शब्द.

"मग काय करू?"

त्यांनी पंचा पिळून पुन्हा ठेवला.

निवडणूक लागली. मागच्या वेळी आमच्या वॉर्डात उभं राहायला इतके लोक होते की चिन्हं पुरेनात. या वेळी अर्ज भरायची मुदत संपत आली तरी कुणी फिरकेना. अण्णांची कंबर धरली. तरुण पुढाऱ्यांना एकाएकी शिक्षण पूर्ण करायचं आठवलं. मला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एक उन्हाळा त्या घरात नको. धनराजांनी हात जोडले. मलाही भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? पण कुणीच उभं राहिलं नाही, तर ठराव स्पष्ट होता. रोशनीचं पोर आता चालायला लागलं होतं. चौकात वाऱ्यात पट्ट्यांमागे धावायचं.

शेवटच्या दिवशी मी भरलेला अर्ज पर्समध्ये घालून नगरपालिकेत गेले. व्हरांड्यातल्या बाकावर चारुताई बसल्या होत्या. काठापदराची साडी, हातात कागद.

"ताई, तुम्ही इथे?"

"अर्ज भरायला आलेय."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी त्यांच्याशेजारी बसलेच. "तुम्ही? अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना, मी काय वॉर्डाची भट्टी आहे?"

"म्हणाले होते."

"मग आता काय झालं?"

"तेव्हा तू मागत होतीस," ताई म्हणाल्या. "आता मी देतेय. दोन्हींत फरक आहे की नाही?" त्यांनी कागद माझ्यापुढे केला. "सगळं भरलंय. सूचक म्हणून कुणी सही देईना. गल्लीतल्या पोरांना वाटतंय, म्हातारीला वेड लागलं. तुझ्याकडे पेन आहे का?"

मी पर्स उघडली. माझा अर्ज वरच होता. तो तसाच खाली दाबला आणि पेन काढलं. कागद मांडीवर घेतला, पण रकाना दिसेना, सगळं पाण्यात गेल्यासारखं झालं. चारुताईंनी बोट ठेवून जागा दाखवली. मी सही केली.

"रडतेस काय अशी?" त्या कागद फुंकत म्हणाल्या. "जा, घरी जाऊन मधली खोली झाडून ठेव. गारचुना लागला तुझ्या गच्चीला की दुपारी मी तुझ्याकडेच येणार आहे झोपायला."